एका झाकणाची गोधडी

मुलांनो, तुमच्या घरात आत्ता किती गोधड्या आहेत? अंदाज नको, उठा आणि मोजूनच या. पलंगाच्या पेटीत बघा, माळ्यावर बघा, गादीखाली बघा. इस्त्रीच्या टेबलावर घडी करून अंथरलेली असते, तीसुद्धा धरा. झालं मोजून? आता गोष्ट सांगते.

गेल्या महिन्यात आमच्या चौथीच्या वर्गातल्या अठरा मुलांना घेऊन मी गोधड्यांचं प्रदर्शन बघायला गेले होते. बोरीवली पश्चिमेला, शाळेपासून चालत पंधरा मिनिटांवरच्या एका हॉलमध्ये ते भरलं होतं. एरवी तिथे साखरपुडे आणि मुंजी होतात, त्यामुळे दारावरचं प्लास्टिकचं तोरण तसंच लटकत होतं! वाटेत पोरांची कुरकुर चालूच होती. "बाई, गोधडीत काय बघायचं? ती तर अंगावर घ्यायची असते." खरं सांगू? मलाही मनातून तसंच वाटत होतं. कार्यानुभवाच्या तासाला काहीतरी निराळं करायचं होतं, म्हणून निघालो होतो, एवढंच.

आत पाऊल टाकलं आणि सगळे गप्प. भिंतीवर उभी टांगलेली गोधडी मी जन्मात पहिल्यांदाच पाहत होते. आपण गोधडी बघतो ती आडवी, नाहीतर चुरगळून पडलेली. उभी केली, वर दिवा लावला की तिचं चित्र होतं. लाल इरकलीचा काठ, त्याच्या शेजारी खणाचा त्रिकोण, मध्येच कुणाच्या तरी झबल्याचा तुकडा, त्यावर विटलेला हत्ती. आणि सगळ्यावरून पांढऱ्या दोऱ्याच्या बारीक रांगा, जशा काही मुंग्याच शिस्तीत निघाल्यात. खाली पाटी होती, 'कृपया हात लावू नये.'

एवढ्यात आमच्या वर्गातला एक चुणचुणीत मुलगा (नाव सांगत नाही, तो हे पान वाचतो) सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "बाई, अश्शीच आमच्या कुत्र्याच्या खाली आहे!"

सगळा हॉल हसला. मीही हसले. पण त्याच गोधडीखालची दुसरी चिठ्ठी वाचली आणि माझं हसू जरा आटलं. तिच्यावर लिहिलं होतं, 'वाकळ. सातारा जिल्हा. सुती कापड, हातशिलाई. शिवणारीचे नाव माहीत नाही.' का आटलं, ते पुढे सांगेन.

हॉलच्या मधोमध सतरंजीवर एक मावशी बसून गोधडी शिवत होत्या. मुलं त्यांच्याभोवती कोंडाळं करून बसली ती उठेचनात. गोधडी कशी होते, तुम्हाला ठाऊक आहे? आधी खाली एक अखंड लुगडं किंवा साडी अंथरायची. ते अस्तर. त्यावर जुने, धुऊन धुऊन मऊ झालेले कपडे उसवून, शिवण काढून, सपाट पसरायचे. धोतर, सदरे, परकर, काय असेल ते. त्यावर पुन्हा एक साडी, किंवा जोडलेल्या तुकड्यांचा थर. कडा आत दुमडायच्या, मोठमोठे टाके घालून सगळं जागच्या जागी धरायचं, आणि मग कडेपासून धावदोरा सुरू. चारही कडांनी फिरत फिरत आत यायचं. नवं कापड यात चालत नाही असं नाही, पण जुन्या सुती कापडाला जो मऊपणा असतो तो दुकानात मिळत नाही. तो पंधरा वर्षं अंगावर वापरूनच येतो.

"पण एवढे टाके कशाला? कडेला चार घातले तर?" एका मुलीनं विचारलं. मावशींनी उत्तर दिलं नाही. शेजारची एक अर्धवट गोधडी उचलून त्यांनी नुसती झटकली. आतल्या चिंध्या घसरून एका कोपऱ्यात गोळा झाल्या! टाके थरांना जागेवर धरून ठेवतात. शिवाय विरलेलं कापड एकटं ओढलं तर टर्रकन फाटतं, पण दहा थरांना जवळजवळ टाचलं की ओढ सगळ्यांवर वाटली जाते. आणि थरांच्या मध्ये हवा अडकून राहते. हवा उष्णतेला सहज बाहेर जाऊ देत नाही, म्हणून गोधडी उबदार. पाचवीत गेलात की विज्ञानाच्या बाईंना हे उदाहरण सांगा, त्या खूश होतील.

आता गणित. ही गोधडी 180 सेंटीमीटर लांब आणि 120 सेंटीमीटर रुंद होती. टाक्यांच्या दोन ओळींत साधारण 2 सेंटीमीटर अंतर. म्हणजे आडव्या 60 ओळी धरल्या, प्रत्येक 180 सेंटीमीटरची. साठ गुणिले एकशेऐंशी किती? 10,800 सेंटीमीटर. एका सेंटीमीटरला एक टाका धरला, तर 10,800 टाके! मी घड्याळ लावलं. मावशींनी एका मिनिटात बारा टाके घातले. मग हौसेनं एका मुलानं सुई घेतली, त्याचे सहा झाले, त्यातला एक त्याच्या स्वतःच्या बाहीला. मिनिटाला बारा, तर 10,800 टाक्यांना 900 मिनिटं. म्हणजे पंधरा तास, तेही पाठ न टेकता, दोरा न ओवता, चहा न पिता. कापड उसवणं, धुणं, जुळवणं वेगळंच.

हे गणित लगेच कामाला आलं, बरं का. एक बाई आल्या, त्यांनी किंमत विचारली आणि म्हणाल्या, "जुन्या साड्यांच्या चिंध्यांचे एवढे पैसे?" मावशी खाली मान घालून शिवतच राहिल्या. त्यांना हे रोज ऐकायची सवय असावी. तेवढ्यात आमची एक मुलगी, जिला वर्गात प्रश्न विचारला तरी तोंडातून शब्द फुटत नाही, ती हळूच म्हणाली, "काकू, दहा हजार आठशे टाके आहेत." काकू तिच्याकडे बघत राहिल्या. गोधडी त्यांनी घेतली नाही. पण भावही केला नाही, आणि निघताना एकदा मागे वळून बघितलं.

समोरच्या भिंतीवर एक निराळीच गोधडी होती. आपली गोधडी नऊवारीच्या रंगांची, जरा शांत. ही म्हणजे रंगपंचमी! केशरी, जांभळा, पोपटी. आणि चारही कोपऱ्यांना बाहेर डोकावणारी घड्या घातलेली छोटी टोकं. ही कवंदी. सिद्दी लोकांची. कारवारच्या बाजूला, उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांतल्या जंगलाकाठच्या गावांत सिद्दी राहतात. शेकडो वर्षांपूर्वी पोर्तुगिजांनी त्यांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून गुलाम करून गोव्यात आणलं. त्यांतले पुष्कळ जण पळून घाटावरच्या रानात शिरले. आज ते आपल्यासारखेच इथले आहेत, कोंकणी-मराठी-कानडीची मिसळ बोलतात. त्यांच्या बायका कवंदी शिवतात ती कडेपासून आत गोल गोल जात, आणि एकेक तुकडा तिथल्या तिथे जोडत. आधी नकाशा काढत नाहीत. आणि ती कोपऱ्यावरची टोकं? त्यांना म्हणतात फुला. फुला लावल्याशिवाय कवंदी पुरी झाली असं त्या मानत नाहीत. अंगावर घ्यायला फुलांचा काय उपयोग? काहीच नाही! म्हणूनच मला ती फार आवडली.

"बाई, हे तुकडे जोडायचं आधी अमेरिकेत निघालं का?" एकानं विचारलं. त्याच्या ताईनं मोबाईलवर त्याला तसं दाखवलं होतं म्हणे. मी म्हटलं, चल बाहेर. हॉलच्या गच्चीवरून पूर्वेला नॅशनल पार्कचे डोंगर दिसतात. तिथे आत कान्हेरीची लेणी आहेत, शंभराहून जास्त. तुम्ही सहलीला गेला असाल. तिथे जे बौद्ध भिक्षू पावसाळ्यात राहत, ते तुकडे जोडलेलं वस्त्र अंगावर घेत. त्याला चीवर म्हणतात. विनयपिटकात त्याची एक गोड हकिकत आहे. भगवान बुद्ध मगध देशातून चालले होते. बांधांनी आखलेली चौकोनी शेतं त्यांनी पाहिली आणि आनंद या शिष्याला विचारलं, अशा आखणीचं चीवर करता येईल का? आनंदानं तुकडे तसे जोडून दाखवले. म्हणजे भिक्षूच्या अंगावर शेताचा नकाशाच की!

चीवराला पैसे कुठून येत, तेही दगडावर कोरून ठेवलेलं आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या लेण्यात उषवदात नावाच्या दात्याचा लेख आहे, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. त्यानं 2,000 कार्षापण, म्हणजे त्या वेळची नाणी, विणकरांच्या श्रेणीकडे ठेवली. व्याज महिन्याला शेकडा एक. लेख म्हणतो, त्या व्याजातून पावसाळ्यात इथे राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी 12 कार्षापण द्यावेत. करा हिशेब! महिन्याला 20, वर्षाचे 240. वीस भिक्षूंना वाटले की प्रत्येकी किती? बरोब्बर बारा! फळ्यावर हे सोडवलं तेव्हा वर्गात टाळ्या पडल्या. दगडात कोरलेलं गणित बरोबर निघालं याचाच पोरांना आनंद.

अमेरिकेची गोष्टही सांगते, नाहीतर तो मुलगा रुसेल. अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाचं एक गाव आहे. तिथले लोकही आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्यांचे वंशज. कापसाच्या शेतात राबायचे, घरं गळकी, थंडी कडाक्याची. त्या गावच्या बायकांनी जुन्या कपड्यांच्या ज्या गोधड्या शिवल्या, त्यांचं 2002 साली मोठ्या संग्रहालयात प्रदर्शन झालं, आणि 2006 साली अमेरिकेच्या टपाल खात्यानं त्यांची तिकिटं काढली. त्यांतली एक गोधडी मिसूरी पेटवे यांची आहे, 1942 सालची. त्यांचे यजमान वारले. तेव्हा त्यांनी यजमानांचे कामावरचे कपडे घेतले, मुलीच्या मदतीनं फाडले आणि जोडून गोधडी केली. आठवण म्हणून, आणि पांघरायला म्हणूनही. गुडघ्यावर विटलेली विजार अजून तिच्यात ओळखू येते.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. आता ती चिठ्ठीची गोष्ट सांगायलाच हवी.

माझे आजोबा परळला गिरणीत साचा खात्यात कामाला होते. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि आजोबांच्या हाताला पुन्हा साचा लागला नाही. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. मला आठवतात ते चाळीच्या गॅलरीत बसलेले आजोबा. ते गेल्यावर आजीनं त्यांचे कामावरचे खाकी कपडे आणि स्वतःची दोन लुगडी घेऊन वाकळ शिवली. आजी पाटणकडची. ती गोधडी म्हणायची नाही, वाकळच म्हणायची. दुपारी जेवणं झाली की खोलीत वाकळ पसरायची, मग आम्हाला पाय ठेवायला जागा नसायची. आम्ही भिंतीला धरून चालायचो.

मी डी.एड.च्या पहिल्या वर्षाला असताना आम्ही चाळीतली खोली सोडून बोरीवलीला राहायला आलो. नवीन ब्लॉक, नवीन पडदे, नवीन ब्लँकेटं. सामान लावताना बोहारीण आली. जुने कपडे घेऊन भांडी देते ती बोहारीण, हे तुम्हाला माहीतच असेल. आई ऑफिसात, आजी देवळात. मी मोठ्या शहाण्यासारखी भाव करायला बसले. दोन पँटी आणि एका साडीवर स्टीलचा डबा ठरला. पण ती म्हणाली, "ताई, झाकणाचं वेगळं पडेल." मी इकडेतिकडे बघितलं. कोपऱ्यात वाकळ होती. ती म्हणाली, "गोधडीचं काही येत नाही हो." मी म्हटलं, "घ्या हो, वर ठेवा." तिनं घेतली, आणि झाकण दिलं.

आजीनं त्या वेळी काही विचारलं नाही. डिसेंबर आला. नॅशनल पार्कच्या बाजूला थंडी जरा जास्तच पडते. एका रात्री ती म्हणाली, "माझी वाकळ कुठं ठेवलीस गं?" मी म्हटलं, "आजी, नवीन ब्लँकेट आणलंय ना तुला." ती माझ्याकडे बघत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी घरी आले, तर तिनं ठेवणीतलं हिरवं लुगडं जमिनीवर अंथरलं होतं. "दोरा ओवून दे," म्हणाली. तिच्या डोळ्यांना सुईचं नेढं दिसत नव्हतं. मी सात-आठ सुया ओवून पाटावर टोचून ठेवायची आणि कॉलेजला जायची. संध्याकाळी येऊन पुन्हा ओवायची. ती वाकळ निम्मी झाली आणि आजी गेली. मधल्या कपड्यांत आजोबांचं काहीच नव्हतं, कारण उरलंच नव्हतं. आणि डब्याचं ते झाकण आजही आमच्या स्वयंपाकघरात आहे. घट्ट बसतं, चांगलं आहे.

प्रदर्शनातली ती वाकळ काही आमची नव्हती. तिच्यात खाकी नव्हतं, मी दोनदा बघितलं. पण शिवणारीचं नाव जिला माहीत होतं, अशी कुणीतरी नात तिच्याही घरात असेलच की.

पालकांनो, तुम्हीही हे पान वाचता म्हणून सांगते, मी बोहारणीला नावं ठेवत नाही. तिच्यामुळे केवढं कापड कचऱ्यात जायचं वाचतं. तिनं तर मला सांगितलंही होतं, गोधडीचं काही येत नाही म्हणून. माळा आवरायला काढाल तेव्हा फक्त एक करा. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला समोर बसवा आणि मग गाठोडं सोडा.

बरं, तो कुत्रा! प्रदर्शनानंतर दोन दिवसांनी आमचा चुणचुणीत गडी वर्गात आला तो धापा टाकतच. "बाई, धुतली! गॅलरीत वाळत घातली!" त्यानं आजीला विचारलं होतं, कुठला तुकडा कशाचा. त्यात त्याच्या बाबांची शाळेची चड्डी निघाली, खिशासकट! बाबा आता बँकेत मोठे साहेब आहेत. त्यांनी म्हणे ऑफिसला जायच्या आधी त्या खिशात बोट घालून बघितलं. मी विचारलं, "आणि कुत्रा?" "त्याला चादर दिली. पण तो दोन रात्री रडला, बाई. मग आजीनं त्याच्यासाठी छोटी वेगळी शिवायला घेतलीय."

आणि मी? आजीची अर्धी वाकळ आईच्या पलंगाच्या पेटीत होती, ती काढली. शेवटच्या टाक्यापाशी सुई अजून तशीच टोचलेली. गंजली आहे, तिच्याभोवती कापडावर तांबूस डाग पडलाय. मी मावशींना विचारून घेतलं होतं, जुने टाके उसवू का? त्या म्हणाल्या, "उसवू नका. त्या जिथं थांबल्या तिथनं पुढं चला."

आता दर गुरुवारी कार्यानुभवाच्या तासाला ती वर्गात पसरते. बाकं भिंतीला लावतो. मुलांनी आणलेले तुकडे मध्ये घालतो, कुणाचा बाळपणीचा फ्रॉक, कुणाच्या मामाचा सदरा. टाके आजीच्या टाक्यांच्या तिप्पट लांब पडतात, आणि सरळ ओळ म्हणाल तर पश्चिम रेल्वेच्या बसलेल्या गाडीइतकीच हलते. गेल्या गुरुवारी अडीच ओळी झाल्या. ज्या मुलीनं काकूंना टाक्यांचा आकडा सांगितला होता, तिचं काम सुया ओवून ठेवायचं. तिचं नेढं एका झटक्यात सापडतं.